तिजोरीतला पावसाळा

दार उघडलं तसा आधी वास आला. वापरात नसलेल्या विहिरीत वाकल्यावर येतो तसा, कुबट आणि थंड. बाहेर भंडाऱ्यात जुलैचा पाऊस चार दिवसांपासून लागून होता, पण हा वास बाहेरचा नव्हता. ज्या तिजोरीत आगीपासून सुरक्षित म्हणून घरचे सगळे कागद मी ठेवले होते, तिच्याच पोटातून तो येत होता.

लेक त्या वर्षी बारावीला. जात पडताळणीचा अर्ज भरायचा होता. इतर मागास वर्गाला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणून तिच्या आजोबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, मामाजींचा, शाळेतला दाखल-खारीजचा उतारा काढायला मी बसले होते. मामाजींचं नाव शाळेच्या रजिस्टरात 1953 साली चढलं. त्याच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये त्यांच्या वडिलांच्या जन्माची कोतवाल बुकातली नक्कल होती. ती फार पूर्वी काढलेली. मूळ पान आता वाचण्यासारखं राहिलेलं नाही, म्हणून आमच्यासाठी नक्कल हीच मूळ. फोल्डर उघडला तर तिच्या खालच्या कडेला राखाडी-हिरवी बुरशी मखमलीसारखी चढलेली. दोन कागद एकत्र टाचलेली टाचणी गंजून तिचा तपकिरी डाग तिसऱ्या पानापर्यंत उतरलेला. कागद हातात घेतला तर कडक नाही, सर्दावलेला. पोळी झाकून ठेवल्यावर होते तसा मऊ.

मामाजी मागे येऊन उभे राहिले. तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांची सारी नोकरी झाली, अभिलेखपाल म्हणून निवृत्त झाले. ते नुसते वाकले, वास घेतला आणि म्हणाले, “पंखा बंद कर आधी. घरभर उडल ते.”

पंखा बंद केला. नाकातोंडाला रुमाल बांधून आम्ही सगळे कागद छपरीत नेले, पाटावर वर्तमानपत्रं पसरून एकेक मांडला. मी ओलं फडकं घेऊन आले तर त्यांनी हात धरला. “ओल्यानं पुसू नको, बाई. शाई फिरते आणि बुरशी कागदात दाबली जाते. आधी सुकू दे. मग मऊ ब्रशनं बाहेरच्या बाहेर झटक.” लेकीच्या जलरंगाचा ब्रश आणला. पाऊस पन्हाळीतून पडत होता आणि तिथंच आमचा वाद सुरू झाला. तो पुढं महिनाभर चालला.

“हे घेतलं तेव्हाच मी म्हटलं होतं,” मामाजी म्हणाले. “कागदाला हवा लागते. तू त्याला कोंडून टाकलं.”

“हवा लागते म्हणता, पण पावसाळ्याची हवा म्हणजे पाणीच ना, मामाजी? उघड्यावर ठेवले असते तर सर्दावले नसते?”

“सर्दावले असते. पण दिवाळीपर्यंत सुकलेही असते. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये बंदोबस्ताच्या मिसली होत्या, इंग्रजांच्या काळातल्या. खादीच्या फडक्यात बांधलेले बस्ते, लाकडी रॅकवर, भिंतीपासून वीतभर दूर. फडकं ओल घेते आणि ओल सोडते. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल बांधून ठेवले आहेत, तेही कापडातच. ते लोक काय अडाणी होते?”

अडाणी कोणी म्हणत नव्हतं. पण हा विषय इतका सोपा नव्हता, कारण ही तिजोरी मी हौसेनं घेतलेली नव्हती. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला. वर मध्य प्रदेशात पाऊस, संजय सरोवरातून सोडलेलं पाणी, आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्या बघता बघता पाण्याखाली. आमच्या घरात गुडघाभर पाणी. मामाजींची पत्र्याची पेटी दिवाणाखाली होती. बस्ते, फडकी, कडुनिंबाचा पाला, वेखंड, सगळ्यासकट ती पाण्यात बुडाली. शेताचं खरेदीखत, मालगुजारीच्या काळातल्या लगानाच्या पावत्या, शाळेचे दाखले, सासऱ्या-नवऱ्याची सेवापुस्तकं आम्ही पंख्याखाली दोऱ्या बांधून वाळत घातली. त्यानंतर महिन्याभरात गल्लीतल्या एका घरात, ओल्या वायरिंगमुळे असेल, ठिणगी पडून कपाट जळालं. त्यांच्या मुलीच्या सगळ्या गुणपत्रिका त्यात गेल्या. त्या धनत्रयोदशीला मी अग्निरोधक तिजोरी घरी आणली. दोन माणसांनी उचलून आणावी लागली इतकी जड.

“आग रोज लागत नाही,” मामाजी म्हणायचे. “ओल दरसाल लागते.”

“आग एकदाच लागते आणि मग काहीच उरत नाही. 21 जून 2012 ला मंत्रालयात काय झालं? पाच माणसं गेली. आणि फायली किती जळाल्या! ज्या इमारतीत सगळ्या महाराष्ट्राचे कागद, तिथं ही गत. आपलं घर काय मोठं लागून गेलं?”

यावर ते गप्प झाले. मंत्रालयाची आग ही दप्तरात आयुष्य घातलेल्या माणसाला आजही झोंबणारी गोष्ट आहे. पण थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “मला एक सांग. तू विज्ञान शिकवतेस. ही तिजोरी आगीला थांबवते ती कशानं? लोखंड तर तापते.”

मी सांगितलं. लोखंड नुसतं कवच. दोन पत्र्यांच्या मध्ये जिप्समसारखं किंवा सिमेंटच्या मिश्रणाचं जाड अस्तर भरलेलं असतं. शुद्ध जिप्सममध्ये वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जरा जास्त पाणी असतं, खनिजातच बांधलेलं. आग लागली की ते पाणी सुटतं, त्याची वाफ होते, आणि त्या वाफेत आगीची उष्णता खर्च होते. कागद साधारण 177 अंश सेल्सिअसच्या पुढे करपायला लागतो, म्हणून कागदांच्या तिजोऱ्यांची परीक्षा याच आकड्यावर घेतात. बाहेर भट्टी पेटलेली असताना ठरलेल्या वेळेपर्यंत आतलं तापमान त्याखाली राहिलं पाहिजे. हे नुसतं कागदावरचं गणित नाही. गोदरेजनी 1902 मध्ये तिजोऱ्या करायला घेतल्या, आणि 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट होऊन जी आग पसरली, तिच्यातून आपल्या तिजोऱ्यांमधला ऐवज शाबूत निघाला असं ती कंपनी सांगत आली आहे.

मामाजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे तू कागद पाण्याच्या भिंतीत ठेवले.”

मला उत्तर सुचलं नाही. मी इयत्ता नववीला स्फटिकजल शिकवते, मोरचूद तापवून त्याचा निळा रंग उडवून दाखवते, आणि माझ्या घरातल्या तिजोरीच्या भिंतीला तोच नियम लागू आहे हे मी कधी मनात आणलं नव्हतं. तसं पाहिलं तर जिप्सममध्ये बांधलेलं पाणी साध्या हवेत सुटत नाही. पण ओतून भरलेल्या अस्तरात बांधलेल्या पाण्याखेरीज मोकळी ओलही राहते. ती सुरुवातीची काही वर्षं हळूहळू बाहेर येते. बाहेर म्हणजे आतल्या बाजूलाच, कारण दाराला घट्ट सील. म्हणून तिजोरीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं की दर पंधरा दिवसांनी दार थोडा वेळ उघडं ठेवा, ओल शोषणारी पुडी ठेवा. ती पुस्तिका मला तिजोरीतच सापडली, सीलबंद, तिच्याही पिशवीवर आतून दव धरलेलं. मी दार उघडत होते वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला.

पण सगळा दोष भिंतीचा नव्हता, आणि हे शोधायला मला आठवडा लागला. मी साधा हिशेब मांडला. आमच्या तिजोरीत चाळीस लिटर हवा. तीस अंशांना, ऐंशी टक्के आर्द्रतेला, तेवढ्या हवेत पाणी मावतं एक ग्रॅमच्या आसपास. चमचाभरही नाही. एवढ्या पाण्यानं बुरशी चढत नाही. मग पाणी आलं कुठून? कागदातून. कागद स्वतःच पाणी धरून असतो. कोरड्या दिवसात वजनाच्या सहा-सात टक्के, भर पावसाळ्यात दहा-अकरा. पाच किलो कागद मी आत ठेवले असतील तर पावसाळ्यातल्या आणि कोरड्या कागदात फरक झाला सुमारे दोनशे ग्रॅम पाण्याचा. पेलाभर पाणी मी स्वतः, घड्या घालून, फोल्डरमध्ये भरून, आत ठेवलं आणि वर सील लावलं. पुरानंतर वाळवलेले कागद हाताला कोरडे लागत होते. पण मी ते लगेच फोल्डरमध्ये बंद केले, म्हणून ते सप्टेंबरच्या हवेइतकेच कोरडे राहिले, आणि भंडाऱ्याचा सप्टेंबर म्हणजे तळी काठोकाठ, बांध्यांमध्ये पाणी, भिंतींना घाम.

हे मी मामाजींना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. त्यांना हे आधीपासून मालूम होतं, फक्त दुसऱ्या नावानं.

“धान!” ते म्हणाले. “ओला धान ढोलीत भरला तर काय होते? आतून गरम होते, काळा पडते, वास मारते. वरून पाहिलं तर काही दिसत नाही. खरेदी केंद्रावर यंत्र काहून लावतात? सतरा टक्क्यांच्या वर ओल निघाली की पोतं परत. तू कागदाची ओल न मोजता ढोली लिंपून टाकली, बाई.”

त्यांनी इतक्या सहज सांगितलं ते मला नववीच्या वर्गात कधी सांगता आलं नसतं. बुरशीचे बीजाणू काही तिजोरीत घुसत नाहीत, ते आधीपासून प्रत्येक कागदावर असतात, धानाच्या प्रत्येक दाण्यावर असतात. आर्द्रता सत्तरच्या खाली असली तर पडून राहतात. वर गेली, आणि तीस अंशांची ऊब मिळाली, की कागदावरची खळ खाऊन वाढतात. पुड्यांचं गणितही त्यातच आलं. मी एक पन्नास ग्रॅमची सिलिकाची पुडी टाकली होती. ती दहा-पंधरा ग्रॅम पाणी पिऊन कधीच तृप्त झाली असणार. दोनशे ग्रॅमपुढे ती काय करील? सिलिका किलोभर लागली असती, आणि तीही दर दोन-तीन आठवड्यांनी ओव्हनमध्ये 120 अंशांवर तापवून परत ठेवायला हवी. रंग बदलणारी घ्यायची तर नारिंगी घ्यावी. निळीत कोबाल्टचा क्षार असतो, तो घरात मुलांच्या हाताशी नको.

“मग आता तरी मान,” मामाजी म्हणाले. “पेटी बरी.”

“पेटी पुरात बुडाली, मामाजी.”

“दिवाणाखाली ठेवली म्हणून बुडाली. फळीवर ठेव.”

“आणि कसर? वाळवी? 1951 मध्ये मालगुजारी गेली, त्याच्या आधीच्या किती पावत्या होत्या आपल्याकडे असं तुम्हीच सांगता? उरल्या किती?”

यावर त्यांनी जे सांगितलं ते मला या साऱ्या वादातलं सर्वांत मोलाचं वाटतं. बराच वेळ ते पन्हाळीकडं बघत बसले. मग म्हणाले, “बस्त्यात टिकल्या त्या मिसली मी पाहिल्या म्हणून मी म्हणतो बस्ता चांगला. ज्या टिकल्या नाहीत, त्या मला कुठं दिसल्या? वाळवीनं पोखरलेले बस्ते आम्ही नदीकाठी नेऊन जाळायचो. पंचनामा व्हायचा. त्या पंचनाम्यावर माझ्या सह्या आहेत.”

त्यानंतर वाद जिंकण्याची इच्छा माझीही कमी झाली. पण मतभेद संपला नाही, आणि संपावा असंही नाही. कारण कागद एकाच जातीचे नसतात हे आम्ही बोलत बोलत वेगळं करू शकलो. सातबारा आता डिजिटल स्वाक्षरीचा मिळतो, त्याची जुनी छापील प्रत जपून तिजोरी अडवण्यात अर्थ नाही. नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून काढता येते, वेळ जातो, पण मिळते. गुणपत्रिका मंडळाकडून दुबार मिळते. पण नोंदणी न केलेलं मृत्युपत्र, हाताचे जुने करार, शिक्का मारलेल्या जुन्या नकला, ज्यांची मुळं सरकारी दप्तरातच फाटली, त्या परत मिळत नाहीत. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून पुढे आला तर त्यावरची सही ज्याची दिसते त्याचीच आहे असं न्यायालय धरून चालू शकतं. पुराव्याच्या जुन्या कायद्यात हे होतं, नव्यातही आहे. मामाजींना “योग्य ताबा” हे शब्द फार आवडतात. “म्हणजे तो कागद कोणाच्या घरी होता आणि कसा होता, हे कायदासुद्धा विचारते,” ते म्हणतात.

आपल्या जिल्ह्यात तर हे जास्तच खरं. 1988 मध्ये गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं. ज्यांची शेतं आणि घरं त्या पाण्यात गेली, त्यांनी निवाड्याची प्रत, घराचा उतारा, कुटुंबाची नोंद किती टेबलांवर किती वेळा ठेवली असेल? ज्याचा कागद कुजला त्याचा दावाही लंगडा झाला. पवनीकडच्या आमच्या नात्यातल्या एका म्हातारीनं निवाड्याची प्रत लॅमिनेट करून घेतली होती, कायम टिकावी म्हणून. आतली ओल बाहेर येऊ शकली नाही आणि पारदर्शक प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांत काळे ठिपके वाढत गेले. ते पुसताही येत नाहीत आणि कागद सोडवताही येत नाही. जुना कागद लॅमिनेट करू नये, हे मला कळवळून सांगावंसं वाटतं. ज्याला जपायचं त्याला नंतर उघडता आलं पाहिजे.

स्कॅन आम्ही सगळ्यांचे करून घेतले, त्याबद्दल दोघांचं दुमत नव्हतं.

मग मी एक प्रयोग केला. दोन लहान आर्द्रतामापक आणले, बाजारात काही शे रुपयांना मिळतात. एक तिजोरीत ठेवला, एक मामाजींच्या नव्या पेटीत, फळीवर, बस्त्याच्या शेजारी. दोन्हीचे आकडे रोज सकाळी लेकीनं वहीत लिहिले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पेटी 84, तिजोरी 77. मला बरं वाटलं. पाऊस उघडला, चार दिवस ऊन पडलं. पेटी 66. तिजोरी 77. परत झड लागली, पेटी 85. तिजोरी 77. ऑक्टोबरच्या शेवटी धान कापणीला आला, हवा कोरडी झाली, पेटी 52 वर आली आणि मामाजींनी वहीवर बोट ठेवून मला बोलावलं. तिजोरी 75.

“पेटी हवेबरोबर वरखाली होते,” मी म्हटलं.

“हो. आणि तुझी तिजोरी कोणाचं ऐकत नाही,” ते म्हणाले. “जुलै धरून बसली आहे अजून.”

यात दोघांचीही बाजू होती. पेटीतला कागद वर्षातले तीन महिने बुरशीच्या तोंडाशी असतो आणि बाकी नऊ महिने सावरतो. तिजोरीतला कागद पावसाळ्याच्या शिखरावर पेटीपेक्षा बरा, पण एकदा ओल आत बसली की तिला जायला वाट नाही. उलट, कोरडा कागद कोरड्या दिवशी आत ठेवला तर हाच अडेलपणा कामाला येईल, असं माझं म्हणणं. तिजोरी तेव्हा मे महिना धरून बसेल. मामाजींना ते पटायला वेळ लागला. त्यांचं उत्तर होतं, “भिंतीचं पाणी विसरली तू.” विसरले नव्हते. म्हणून सिलिका किलोभर, आणि दार महिन्यातून दोनदा, पण फक्त कोरड्या दिवशी. पावसात तिजोरीचं दार उघडणं म्हणजे ओल आत बोलावणं. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी भंडाऱ्याचा ऑगस्ट पाहिलेला नाही.

तिजोरी आम्ही बाहेरच्या भिंतीपासून काढून आतल्या भिंतीजवळ, लाकडी पाटावर, जमिनीपासून दोन हात वर ठेवली. टाचण्या सगळ्या काढल्या, त्याऐवजी सुती दोरा. प्लास्टिकचे फोल्डर काढून जाड कागदाची पाकिटं. वडिलांची नक्कल मामाजींनी तिजोरीत ठेवू दिली नाही. ती धुतलेल्या पांढऱ्या मलमलमध्ये गुंडाळून त्यांच्या पेटीत आहे, आणि आग लागली तर काय, असा प्रश्न मी आता त्यांना विचारत नाही. ती त्यांच्या वडिलांची आहे. खरेदीखत आणि मृत्युपत्र तिजोरीत, ते माझ्या म्हणण्याप्रमाणे. पडताळणीसाठी शाळेकडून नवा उतारा घेतला. जुन्यावर शाळेच्या शिक्क्याचा अर्धा गोल बुरशीनं खाल्ला होता, पण नाव आणि तारीख वाचता आली, आणि नव्याशी अक्षर न् अक्षर जुळली.

मग नवतपा आला, कडक उन्हाचे नऊ दिवस. मेची पंचवीस तारीख, पारा पंचेचाळिसाच्या वर, दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्के, सुकत घातलेली चादर अर्ध्या तासात कडक. या दिवसांचा उपयोग आमच्याकडे पापड-कुरडयांना होतो, धानाचं बियाणं सुकवायला होतो. सकाळी अकराला आम्ही तिजोरीचं दार सताड उघडलं आणि सगळे कागद छपरीत, सावलीत, सुटे करून मांडले. उन्हात नाही, उन्हात शाई उडते. मामाजी खुर्ची टाकून नऊही दिवस तिथं बसले, वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकावर नदीतला एकेक गुळगुळीत गोटा. तिसऱ्या दिवशी मी खरेदीखत उचललं तर ते हातात वाजलं. किती वर्षांनी तो आवाज ऐकला.

पाचव्या दिवशी रिकाम्या तिजोरीतला आकडा 41 वर आला. मी कागद आत ठेवायला घेतले.

“काहून घाई करून राहिली?” मामाजी म्हणाले. “चार दिवस आहेत अजून. भिंतीला सुकू दे.”